छपराचा ढाळ कसा काढायचा? कौलारू आणि पत्र्याच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात कोकणात घरं शाकारायला घेतली की एकच तक्रार दहा घरांत ऐकू येते: "गेल्याच वर्षी कौलं बदलली, तरी गळतंय." वर बघावं तर कौलं धड, रिपा (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या) धड, आणि ढाळ, म्हणजे छपराचा उतार, मात्र फुटाला जेमतेम चार इंच. कौल कितीही चांगलं असलं तरी पाणी त्यावर रेंगाळायला लागलं की ते आत शिरणारच. म्हणून नवं छप्पर घालणाऱ्याला किंवा जुनं दुरुस्त करणाऱ्याला मी आधी ढाळ मोजायला सांगतो. लाकूड, पत्रा, कौल, पन्हळ या सगळ्यांचा हिशोब त्यानंतर.

ढाळ काढायला नेमकं काय मोजायचं?

दोनच मापं: चढ आणि आडवं अंतर. वासा, म्हणजे छपराचं तिरकं लाकूड, जिथे भिंतीवर टेकतो तिथपासून आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या, बरोबर खाली येणाऱ्या बिंदूपर्यंत पाणसळीत (अगदी आडवं) मोजलं की आडवं अंतर मिळतं. त्या बिंदूपासून ओळंब्यात सरळ वर आढ्यापर्यंत मोजलं की चढ मिळतो. चढाला आडव्या अंतराने भागायचं आणि १२ ने गुणायचं. "फुटाला इतके इंच" हे उत्तर येतं. १० फुटांत ५ फूट चढ असेल तर ढाळ फुटाला ६ इंच.

वाशाची तिरकी लांबी या गणितात येत नाही. टेप वाशावरून लावून त्या आकड्याने भागणारे बरेच भेटतात, आणि त्यांचं उत्तर दर वेळी खऱ्या ढाळापेक्षा कमी येतं.

दोन्ही मापं एकाच एककात असली म्हणजे झालं. मीटरमध्ये मोजत असाल तर "मीटरला ५०० मिलीमीटर" आणि "फुटाला ६ इंच" हा एकच ढाळ आहे.

घराची पूर्ण रुंदी धरायची की अर्धी?

दुपाखी घराचं (दोन पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू) आढं मधोमध असेल तर अर्धी. ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत महागात पडते. २४ फूट रुंद घर, भिंतीच्या माथ्यापासून आढं ७ फूट वर, असं धरा. आडवं अंतर १२ फूट, म्हणून ढाळ फुटाला ७ इंच. कोणी ७ ला २४ ने भागलं तर साडेतीन इंच येतात, म्हणजे आहे त्याच्या निम्मे. उलट बाजूनेही घोटाळा होतो. मालक "गाळ्याच्या पाव उंची ठेवा" म्हणतो, म्हणजे पूर्ण रुंदीच्या पाव, २४ फुटांना ६ फूट, आणि कारागीर ऐकतो १२ फुटांचा पाव, म्हणजे ३ फूट. म्हणून कागदावर नेहमी "फुटाला इतके इंच" असंच लिहा, आणि शेजारी आढ्याची प्रत्यक्ष उंचीही लिहा.

आढं मध्यावर नसेल, पुढचं पाखं लहान आणि मागचं लांब असेल, तर प्रत्येक पाख्याचा हिशोब वेगळा करावा लागतो.

अंश, टक्के आणि "फुटाला इंच" यांचा मेळ कसा घालायचा?

चढ भागिले आडवं अंतर, याला १०० ने गुणलं की टक्के. अंश हवे असतील तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये त्याच भागाकाराचा व्यस्त टॅन्जंट (tan⁻¹) काढायचा. नेहमी लागणारे आकडे असे:

फुटाला २ इंच: १६.७ टक्के, ९.५ अंश
फुटाला ३ इंच: २५ टक्के, १४ अंश
फुटाला ४ इंच: ३३.३ टक्के, १८.४ अंश
फुटाला ५ इंच: ४१.७ टक्के, २२.६ अंश
फुटाला ६ इंच: ५० टक्के, २६.६ अंश
फुटाला ७ इंच: ५८.३ टक्के, ३०.३ अंश
फुटाला ८ इंच: ६६.७ टक्के, ३३.७ अंश
फुटाला ९ इंच: ७५ टक्के, ३६.९ अंश
फुटाला १२ इंच: १०० टक्के, ४५ अंश

१०० टक्के ढाळ म्हणजे उभी भिंत नव्हे, ४५ अंश. आणि इंच दुप्पट झाले म्हणून अंश दुप्पट होत नाहीत: ६ इंचांना २६.६ अंश असतात, १२ इंचांना ५३ नसतात. अंश आणि इंच एकाच बोलण्यात मिसळू नका. वेल्डिंगवाला "तीस" म्हणाला तर तीस अंश की तीस टक्के, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. दोहोंत सव्वातेरा अंशांच्या आसपास फरक आहे.

आहे त्या छपराचा ढाळ वर न चढता कसा मोजता येईल?

आतून, माळ्यावरून. दोन फुटी पाणसळ आणि एक टेप पुरते. पाणसळीचं एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवा. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरं टोक वरखाली करा आणि तिथेच धरून ठेवा. आता मोकळ्या टोकापासून टेप सरळ वर नेऊन वाशापर्यंतचं अंतर वाचा. पाणसळ २४ इंची असल्याने आलेला आकडा निम्मा केला की फुटाचा ढाळ मिळतो. १३ इंच आले तर फुटाला साडेसहा इंच, म्हणजे साधारण २८.४ अंश. टेप सरळ वर गेला की नाही अशी शंका वाटली तर वाशाला खिळा ठोकून ओळंबा सोडा आणि दोरी पाणसळीच्या टोकाला लागते का ते पाहा.

एकाच जागी मोजून थांबू नका. जुने वासे मधे बाकलेले असतात. आढ्याजवळ ७ इंच, मध्यावर ६ आणि वळचणीजवळ, म्हणजे छपराच्या खालच्या कडेजवळ, ५ असे आकडे मी एकाच वाशावर वाचले आहेत. छप्पर गळतं ते त्या पाचावर, वरचे सात असून उपयोग नसतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत दोरी ताणली की पोट किती आलंय ते डोळ्यांनाच दिसतं.

मोबाइलचं अॅप चालतं, पण फोन कौलावर ठेवून मोजू नका. प्रत्येक कौल खालच्या कौलाच्या डोक्यावर टेकलेलं असतं, त्यामुळे त्याचा स्वतःचा ढाळ वाशाच्या ढाळापेक्षा नेहमी थोडा कमी असतो. फोन वाशाच्या खालच्या अंगाला धरा, आणि त्याआधी सपाट फरशीवर तो शून्य दाखवतो का ते बघून घ्या.

कुठल्या छपराला किती ढाळ लागतो?

मंगलोरी कौलांना फुटाला ६ इंचांच्या खाली जाऊ नका. कोकणात आणि घाटमाथ्यावर मी ७ ते ८ सांगतो. ही कौलं १८६५ मध्ये बासल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर पसरली, आणि त्यांची खाचेत खाच बसते ती याच पावसासाठी. तरी ती खाच ढाळाची जागा घेऊ शकत नाही. त्याचं कारण आकड्यात पाहा. वरचं कौल खालच्यावर साधारण तीन इंच चढलेलं असतं. पश्चिमेची झड येते तेव्हा वारा पाण्याला त्या तीन इंचांतून वर ढकलतो. ढाळ फुटाला ७ इंच असेल तर आत पडायला पाण्याला उभ्यात दीड इंच चढावं लागतं. ढाळ ४ इंच असेल तर एक इंचही नाही. जुलैतला वारा पाण्याला एक इंच सहज चढवतो.

नळ्याच्या देशी कौलांना खाच नाही. ढाळ फार दिला तर ती सरकतात, कमी दिला तर गळतात. म्हणून ती दर वर्षी परतावी (काढून पुन्हा रचावी) लागतात, आणि माकडं नाचून गेली की मधेही.

पत्र्याला कमी ढाळ चालतो, कारण सांधे कमी असतात. तरी १० फुटांना २ फूट, म्हणजे सव्वाअकरा अंशांच्या आसपास, ही खालची मर्यादा धरा. एका पाख्याला दोन पत्रे जोडावे लागत असतील तर पत्र्यावर पत्रा निदान ६ इंच चढवा. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच लांब पत्रा मिळत असेल तर तोच घ्या.

सिमेंटच्या सपाट स्लॅबला १०० ला १ असा ढाळ देतात, म्हणजे १० फुटांना सव्वा इंचाच्या आत. तिथे पाणी अडवायचं काम कोबा, म्हणजे स्लॅबवरचा थर, करतो, ढाळ फक्त पाणी नळाकडे नेतो. सोलापूर-मराठवाड्याची माळवदं याच जातीची: माती दाबून केलेलं जवळजवळ सपाट छप्पर, बेताच्या पावसाला पुरेसं. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत ते पहिल्या नक्षत्रालाच खाली येईल.

मुख्य घर कोरडं राहतं, पडवीच गळते. असं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुख्य घराची भिंत ९ फूट आणि ढाळ फुटाला ७ इंच आहे असं धरा. तेच पाखं ८ फूट खोल पडवीवर पुढे नेलं तर ते ५६ इंच, म्हणजे ४ फूट ८ इंच खाली उतरतं. पडवीच्या कडेला उरतात ४ फूट ४ इंच. तिथून माणूस आत येऊ शकत नाही. मग कारागीर काय करतो? भिंतीपाशी ढाळ मोडतो आणि पडवीला फुटाला ३ इंच देतो. कडेला ७ फूट मिळतात, सगळे खूश. पण ३ इंच म्हणजे १४ अंश, आणि वर कौल मात्र तेच मंगलोरी.

शिवाय मोठ्या पाख्यावरचं सगळं पाणी वेगाने येऊन त्या मोडावर आपटतं आणि तिथे मंदावतं. आमच्या घरात पावसाळाभर पडवीच्या आतल्या कडेला टोप, कळशी, पत्र्याचा डबा अशी रांग लागायची, सगळी भिंतीपासून हातभर अंतरावर, एका ओळीत. लहानपणी वाटायचं, तिथलीच कौलं दर वर्षी कशी फुटतात? कौलं फुटलेली नसायचीच. ती ओळ बरोबर मोडाखालची होती.

उपाय तीन. पडवी ५ फुटांची करून फुटाला ६ इंच ठेवा: ३० इंच उतार जाऊन कडेला साडेसहा फूट राहतात. पडवी ८ फुटांचीच हवी असेल तर मुख्य भिंत साडेदहा फुटांवर न्या; ६ इंचांच्या ढाळाने ४८ इंच जाऊन तेवढेच साडेसहा फूट उरतात. किंवा पडवीची जमीन ओटीपेक्षा खाली घ्या. जुन्या घरांत ओटीवरून पडवीत पायरी उतरून जावं लागतं; त्या पायरीने डोक्यावरची उंची फुकटात मिळते. यातलं काहीच जमत नसेल तर पडवीवर कौलांचा हट्ट सोडून पत्रा घाला.

वाशाची लांबी कशी काढायची?

चढाचा वर्ग अधिक आडव्या अंतराचा वर्ग, आणि त्यांच्या बेरजेचं वर्गमूळ. आपल्या २४ फुटी घराला १२ चा वर्ग १४४, ७ चा वर्ग ४९, बेरीज १९३, वर्गमूळ १३.८९. म्हणजे १३ फूट आणि पावणेअकरा इंच. पुढे वळचण आडव्यात अडीच फूट काढायची असेल तर तिलाही तिरकं करून घ्यावं लागतं: १२ फुटांना १३.८९, म्हणून अडीच फुटांना २ फूट पावणेअकरा इंच. एकूण वासा सुमारे १६ फूट साडेनऊ इंच. लाकूड मागवताना १७ फूट सांगा.

दर वेळी वर्गमूळ काढायचं नसेल तर गुणक पाठ करा: ४ इंचांना १.०५४, ५ ला १.०८३, ६ ला १.११८, ७ ला १.१५८, ८ ला १.२०२, ९ ला १.२५. आडव्या अंतराला यांनी गुणलं की तिरकी लांबी. यातले ५ आणि ९ मला विशेष आवडतात, कारण त्यांचं उत्तर पूर्णांकात येतं. १२ फूट आडव्याला ५ फूट चढ असेल तर वासा बरोबर १३ फूट, आणि ९ फूट चढ असेल तर बरोबर १५. नव्या कारागिराच्या हातचं गणित तपासायचं असेल तर हेच दोन आकडे त्याला द्या.

आढ्याच्या लाकडाची निम्मी जाडी प्रत्येक वाशातून वजा करायला विसरू नका. कैचीच्या छपरात लोखंडी पाइपचंही तसंच.

कौलं किती लागतील?

तिरक्या क्षेत्रफळावरून काढा. त्याच घराची लांबी दोन्ही टोकांच्या वळचणी धरून ४० फूट. एक पाखं १६.७९ गुणिले ४०, दोन पाखी मिळून १,३४३ चौरस फूट, म्हणजे साडेतेरा ब्रासला (१०० चौरस फुटांचा एक ब्रास) थोडं कमी. नेहमीच्या मापाची मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, ब्रासला सुमारे १४०. हिशोब १,८८० च्या आसपास येतो; तुटफूट धरून दोन हजार आणा. आढ्याची कौलं वेगळी.

वासे कापण्याआधी एक काम जरूर करा. विकत आणलेली दहा-बारा कौलं जमिनीवर एकात एक बसवून एका ओळीला किती इंच लागतात ते मोजा. साधारण बारा ते तेरा इंच येतील. वाशाची लांबी त्या मापाच्या पटीत बसेल अशी वळचण दोन-चार इंच पुढेमागे करा. नाहीतर शेवटची ओळ कापावी लागते, आणि कापलेलं कौल रिपेवर अडकत नाही.

चौपाखी घराचा हिशोब वेगळा असतो का?

चारही पाख्यांचा ढाळ सारखा असेल तर क्षेत्रफळाचा हिशोब अजिबात बदलत नाही. वळचणीसकट घराचं जमिनीवरचं क्षेत्रफळ काढा आणि ढाळाच्या गुणकाने गुणा, झालं. बदलतो तो कोपऱ्याचा तिरका वासा. तो कर्णावरून जातो, म्हणून १२ च्या जागी १७ धरायचे: साध्या वाशाचा ढाळ १२ ला ७ असेल तर कोपऱ्याच्या वाशाचा १७ ला ७. आपल्या घरात त्याची लांबी वळचण सोडून सुमारे १८ फूट साडेचार इंच येते.

ढाळ वाढला म्हणजे पन्हळ मोठी लागते का?

पाणी वाढतं म्हणून नाही, कारण ते वाढत नाही. सरळ पडणारा पाऊस छपराची जमिनीवरची सावली मोजतो. आपल्या घराची ती सावली २९ गुणिले ४०, म्हणजे १,१६० चौरस फूट, सुमारे १०८ चौरस मीटर. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा १०० मिलीमीटर पावसात या छपरावरून १०,८०० लिटर पाणी उतरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला. तेवढ्या पावसात याच छपराने एक लाख लिटर पाणी खाली सोडलं असतं. मात्र ढाळ वाढल्यावर पाणी वेगाने येऊन पन्हळीवरून उडी मारतं, म्हणून पन्हळ वळचणीच्या जवळ आणि थोडी रुंद घ्या.

वादळात कुठलं छप्पर जास्त उडतं?

कमी ढाळाचं आणि हलकं. वारा सपाटसर छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. ढाळ ३० अंशांच्या आसपास गेला की वाऱ्याच्या बाजूचं हे ओढणं बरंच कमी होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली. तो आडवा पडलेला परिसर पाहिल्यापासून मी दोन गोष्टींवर अडून बसतो. एक, वळचण उगाच तीन-चार फूट पुढे काढायची नाही, कारण वारा तिच्याखाली हात घालतो. दोन, वळचणीच्या आणि कडेच्या ओळीतलं प्रत्येक कौल तारेने रिपेला बांधायचं. मंगलोरी कौलाच्या पाठीला तारेसाठी भोक असतं. ते त्यासाठीच ठेवलंय.

अमेरिकेत घर घेतोय. अहवालात ढाळ "६/१२" लिहिलाय, तो किती?

फुटाला ६ इंच, तेच गणित. तिथे बहुतेक घरांवर डांबरी शिंगल असतात. त्यांना २/१२ च्या खाली परवानगी नसते, आणि २/१२ ते ४/१२ मध्ये खाली दुहेरी अस्तर लागतं. तुमचं घर त्या पट्ट्यात असेल तर अस्तराचं अवश्य विचारा.

सौर पॅनेलसाठी ढाळ वेगळा ठेवावा का?

वर्षभराच्या विजेसाठी पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून आपल्या अक्षांशाएवढं कलतं ठेवतात. रत्नागिरी १७ अंशांवर, पुणे साडेअठरावर, नागपूर २१ वर. फुटाला ४ इंच म्हणजे १८.४ अंश, तेव्हा पत्र्याच्या छपराचं एक पाखं दक्षिणेला असेल तर ४ इंच ढाळ ठेवा. पाणीही निघेल आणि पॅनेल थेट बसेल. कौलांसाठी मात्र ढाळ उतरवू नका. ३० अंशांवर विजेत होणारी घट किरकोळ असते, गळती किरकोळ नसते.

ढाळ कमी आहे हे आता कळलं. भिंती न पाडता काही करता येईल?

आढं उचलता येतं. आडवं अंतर १० फूट असेल आणि ४ चे ६ इंच करायचे असतील तर आढं २० इंच वर घ्यावं लागेल. ते मधल्या भिंतीवर चढवून किंवा खांबांना जोड देऊन होतं, पण वजन कुठे उतरतंय ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. वासा १०.५४ फुटांचा ११.१८ फूट होतो, म्हणजे जुने वासे सुमारे पावणेआठ इंच तोकडे पडतील. वळचण दोन फुटांच्या वर असेल तर तेवढी आत घेऊन जुनंच लाकूड वापरता येतं. एवढी वळचण नसेल तर तोकडा वासा वळचणीकडून जोडू नका, तिथेच पाणी सर्वांत जास्त लागतं. जोड आतल्या बाजूला, मधल्या तुळईवर टेकेल असा घ्या. आढं उचलणं शक्यच नसेल तर वाशांवर आधी पत्रा, पत्र्यावर उभ्या पट्ट्या, त्यांवर रिपा आणि मग कौलं. उभ्या पट्ट्या वगळून रिपा थेट पत्र्यावर आडव्या मारल्या तर झिरपलेलं पाणी प्रत्येक रिपेमागे साठतं आणि दोन पावसाळ्यांत रीप कुजते.